डावा खांदा देवाचा

महानंदा बिराजदार बाईंचं दुखणं किती पुढं सरकलंय, हे कळायला आम्हाला रिपोर्ट बघावा लागत नसे. त्यांच्या वर्गात डोकावून फळा बघितला की पुरे. सोलापूरच्या या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा त्या तारीख फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात लिहायच्या. दोनेक वर्षांत ती वीतभर खाली आली. मग समीकरणं फळ्याच्या मधोमध सुरू व्हायला लागली. शेवटी शेवटी तर सगळं गणित खालच्या पट्टीतच मांडलेलं असायचं, आणि मागच्या बाकांवरची मुलं कुणी न सांगता उभी राहून वहीत उतरवून घ्यायची.

एक नवे मुख्याध्यापक आले होते, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी वर्गाच्या दारातूनच विचारलं, "बाई, अर्धा फळा वाया का घालवताय?"

"वाया नाही सर," त्या म्हणाल्या. "वरचा अर्धा माझ्या मागनं येणाऱ्या बाईंसाठी राखून ठेवलाय."

मुलं हसली. सर हसले नाहीत, पण फळ्याबद्दल पुन्हा कधी बोललेही नाहीत.

बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या, मैंदर्गीच्या. घरात कन्नड, वर्गात निम्म्या पोरांच्या तोंडी तेलुगू, आणि मधल्या जागेत बाईंचं मराठी. शिकवताना अगदी पुस्तकातलं शुद्ध. तास संपून शिक्षकखोलीत आल्या की पायातली चप्पल सैल करावी तशी भाषा सैल करायच्या. सगळी शाळा त्यांना अक्का म्हणायची. मला त्या तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी वैरागची, मला कन्नडचं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेवढा एक शब्द मला फार आवडायचा.

त्यांना झाला होता तो संधिवात म्हातारपणी गुडघ्यांना येतो त्यातला नव्हता. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणत. यात शरीराची राखणदार फौजच आपल्या सांध्यांवर उलटते. अक्कांची बोटं तिशीतच वाकडी व्हायला लागली, मग मनगटं, मग उजवा खांदा. सकाळी उठल्यावर बराच वेळ अंग लाकडासारखं असायचं. ते सैल करून, आंघोळ-पूजा आटोपून त्या पहिल्या तासाला हजर असायच्या. "दुखणं काय पळून जात न्हाय," म्हणायच्या, "तास मात्र जातो."

आपल्याकडं दुखणं सांगितलं आणि औषध मिळालं नाही, असं कधी होत नाही. कुणी वांगं सोडायला सांगायचं, कुणी सीमेपलीकडच्या वैद्याचा पत्ता द्यायचं. आमच्या शिपायानं एकदा कसलंसं हिरवट तेल आणलं, त्याच्या वासानं शिक्षकखोली दोन दिवस ओस पडली. अक्का सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "तुमच्या घरात कुणाला हाय का हो हा आजार?"

"नाही, आमच्यात कुणाला नाही."

"मग औषध चांगलंच असणार की."

मला अशा वैद्यांचा मनस्वी राग यायचा. मी तोंडावर बोलायचे आणि वाईट व्हायचे. अक्का कुणाला दुखवायच्या नाहीत, पण त्यांच्यापुढं औषध सांगायला तोच माणूस दुसऱ्यांदा येत नसे.

मधल्या सुट्टीत त्या डबा उघडायच्या तेव्हा आम्ही सगळे बघत राहायचो. त्यात बाजरीची किंवा ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. ती भाकरी पापडासारखी कडाडून मोडण्यात त्यांना लहानपणापासून मजा वाटायची, आता बोटांत तेवढा जोर नव्हता. मग त्या भाकरी पिशवीत घालायच्या आणि फळ्यावरच्या मोठ्या लाकडी कोनमापकानं तिचे तुकडे करायच्या. "याचा खरा उपयोग मला चाळिशीत कळला," म्हणायच्या. दुसऱ्या कुणी मोडून दिलेली भाकरी त्यांना चालत नसे.

घरातल्या मदतीचं मात्र त्यांना वावडं नव्हतं, कारण ती मदत रेवणप्पांची असायची. रेवणप्पा म्हणजे अक्कांचे यजमान. मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेब बघायचे. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. अक्कांचे हात डोक्यापर्यंत जाईनासे झाले तसं वेणी घालायचं काम रेवणप्पांनी घेतलं. पदराला पिन लावणं, ब्लाउजच्या मागची नाडी बांधणं, सगळं तेच करायचे. माणूस अतिशय अबोल. दिवसभरात किती शब्द खर्च करायचे ते ठरवून घराबाहेर पडत असावेत. अक्कांचा भांग रोज थोडा डावीकडं कलायचा. कुणी बाई चिडवायची, "अक्का, आज भांग वाकडा की!"

"हिशेबनीस हाय माझा. भांगात बाकी सोडतो," अक्का म्हणायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघून चिडवणारीच गप्प व्हायची.

एकदा परीक्षेच्या कामाला लवकर जायचं होतं म्हणून मी त्यांना स्कूटीवरून न्यायला घरी गेले. त्या पूजेला बसल्या होत्या. लिंगायतांची पूजा मी ऐकून होते, इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. गळ्यातली चांदीची डबी उघडून त्यांनी आतलं काळं गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मग तो तळहात हळूहळू वर उचलून डोळ्यांसमोर आणला आणि त्यावर नजर लावून बसल्या. एरवी सतत काहीतरी बोलणारी ही बाई तेवढा वेळ कुठंतरी निघून गेली होती. वाकड्या बोटांचा तो हात जराही थरथरत नव्हता.

स्कूटीवर मागं बसल्यावर त्या म्हणाल्या, "उजवा खांदा शाळेचा, तंगी. तो गेला तर जाऊ दे, शाळेनं पगार दिलाय. डावा देवाचा हाय. तेवढा राहू दे म्हंजे झालं."

आपल्या सगळ्या शरीरातून त्यांनी तेवढंच मागून घेतलं होतं. डावा हात डोळ्यांपर्यंत जावा, बाकी काय व्हायचं ते होवो.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर डावा खांदा दुखायला लागला.

आधी त्यांनी सांगितलंच नाही. पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या कोपराला आली तेव्हा आमच्या लक्षात आलं. जवळच्याच एका डॉक्टरांकडं एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, इकडं फिरवली, तिकडं फिरवली आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. खांदा आखडलाय. व्यायाम करा, भिंतीवर बोटं चढवत न्या. रोज थोडी वर."

एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला धरून ठेवणारी दोरी दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. अक्कांनी व्यायाम मनावर घेतला. त्या गणिताच्या बाई. शिक्षकखोलीतल्या कपाटाशेजारच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. घरोघरी मुलांची उंची मोजतात, तशा. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, दोन बोटं भिंतीवरून चढवत न्यायच्या, ओठ घट्ट मिटलेले. जिथं बोटं थांबतील तिथं मी रेघ मारायची. पहिले काही दिवस रेघा वर गेल्या, अक्का खूश होत्या. मग एकाच जागी एकावर एक पडायला लागल्या. मग खाली यायला लागल्या. मी म्हणाले, "अक्का, पुरे करा हे. तुमचं तोंड बघवत नाही."

"तोंड बघू नको, भिंत बघ," त्या म्हणाल्या.

नंतर एका सांध्यांच्या डॉक्टरीण बाईंचं नाव कळलं. वयानं लहान, नुकत्याच सोलापुरात आलेल्या, बोलणं सरळ. त्यांनी खांद्याला हात लावला आणि पहिल्यांदा व्यायाम बंद करायला सांगितला. म्हणाल्या, ऱ्हुमॅटॉइडच्या माणसाचा खांदा दुखला तर तो नुसता आखडलाय असं धरून चालता येत नाही, आत बघावं लागतं. तिथंच सोनोग्राफी केली. मी शेजारी उभी होते. पडद्यावर राखाडी धुरळा, त्यात एक काळी पिशवी आणि पिशवीत बारीक बारीक दाणे तरंगत होते.

"सूज फार जुनी असली की असे दाणे होतात. तांदळासारखे दिसतात," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

अक्कांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं. "आमी जन्मभर भाकरी खाल्ली. तांदूळ कुटनं आले?"

डॉक्टरीण बाई हसल्या, पण त्यांचा हात पडद्यावर एका जागी थांबला होता. हाताला वर उचलणारी जी दोरी असते, स्नायूबंध, तो तिथं विरल्यासारखा वाटत होता. किती विरलाय, अजून किती शाबूत आहे, ते एमआरआयशिवाय सांगता येणार नव्हतं. आणि एमआरआय लवकर करायला हवा होता. थोडं फाटलं असेल तर टाका घालता येतो, पूर्ण तुटून मागं गेलं तर काही हाती लागत नाही.

"हात वर जाईल का?" अक्कांनी विचारलं.

"चित्र बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"बरं. किती वर पायजे ते सांगून ठेवते," अक्का म्हणाल्या, आणि उजव्या हातानं डाव्या हाताचं कोपर धरून त्यांनी तळहात डोळ्यांसमोर आणून दाखवला. "हितपत्तर. याच्यावर नको मला."

एमआरआयचं यंत्र म्हणजे मोठा लोहचुंबक. आत जाताना अंगावर धातूचा कणही चालत नाही, हे आम्हाला फोनवरच बजावलं होतं. अडचण इथं होती. अक्कांच्या गळ्यात गुरूंनी लिंग बांधलं ते लहानपणी. तेव्हापासून ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं. आंघोळीत नाही, आजारपणात नाही. ते दूर झालं तर परत अंगावर येईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. मरतानाही ते माणसाबरोबरच जातं.

रेवणप्पा मैंदर्गीला जाऊन मठाच्या स्वामींना विचारून आले. स्वामींनी दोन वाटा सांगितल्या. चांदीची डबी काढून नुसतं लिंग पांढऱ्या कापडात बांधून अंगावर ठेवावं. तेही तिथले लोक चालू देत नसतील, तर तेवढा वेळ नवऱ्यानं आपल्या हातावर धरावं. शरीर राहिलं तर पूजा राहील. रेवणप्पांनी सगळं अक्षरन्‌अक्षर सांगितलं. अक्कांनी पहिली वाट तेवढी ऐकली.

त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाईनं बजावलं, "काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. कापडात गुंडाळून देव पण नाही. सगळे असंच करतात." अक्कांनी मान डोलावली. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं माझ्या रुमालात दिलं. चांदीची डबी रेवणप्पांच्या ओंजळीत दिली. डबी हातात आल्यावर ती रिकामी आहे हे त्यांना वजनावरूनच कळलं असणार. त्यांनी एकदा अक्कांकडं बघितलं आणि डबी खिशात ठेवली.

बाहेर यंत्राची ठाकठाक ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं अक्का बाहेर आल्या आणि मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाकावर बसल्या, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तंगी, देव उठला."

"काय झालं?"

"मी लिंग काडलं न्हवतं. हितं, खांद्यापाशी, आतनं ठेवलं होतं कापडात. आत सरकवल्याबरोबर ते हललं. वर ओढल्यागत झालं. मी हातबी लावला न्हाय." त्यांचे डोळे भरून आले. "माझा हात वर जाईना तर आपणच उठला की गं."

रेवणप्पांनी हात जोडले. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं.

तेवढ्यात यंत्रावरचा मुलगा दार उघडून आला. वैतागलेला होता. "मावशी, खांद्यापाशी काय होतं तुमच्या? चित्र सगळं काळं आलंय." त्यानं त्या बाईला अक्कांना परत आत न्यायला सांगितलं. दोन मिनिटांत ती बाहेर आली. तिच्या तळहातावर एक सेफ्टी पिन होती.

"ही होती. कापड पिनेनं अडकवलं होतं यांनी झंपराला."

"लोखंड हाय हे, मावशी!" मुलगा म्हणाला. "मशीन खेचतं याला. थोडक्यात वाचलात. सुटली असती तर डोळ्यात गेली असती."

त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. तो खरं तेच सांगत होता. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पिनेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पिन होती व्हय," त्या म्हणाल्या.

घरी असल्या गाठी रेवणप्पा बांधायचे. त्या खोलीत अक्का एकट्या होत्या, बोटांना गाठ बसेना, बाहेर कुणाला हाक मारावी तर लिंग आत नेतोय हे उघड होणार. मग त्यांनी पदराची पिन दातानं उघडून तीच लावली. रेवणप्पा एवढंच म्हणाले, "मला हाक मारायची की."

"बायकांच्या खोलीत कसं येणार तुमी?"

मुलानं मला पडद्यावरचं चित्र दाखवलं. एका बाजूला छाती नीट दिसत होती, खाली दंड नीट दिसत होता. जिथं खांदा असायला हवा, तिथं एक काळा डाग. त्या दिवशी पुन्हा करायला जागा नव्हती, पुढं नंबर लागले होते. परत कधी येता, असं त्यानं विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "बगू."

त्या गेल्याच नाहीत. दहावीची परीक्षा आलीय, ती झाली की जाऊ, म्हणायच्या. डॉक्टरीण बाईंनी निरोप धाडला, मी रोज डोकं खाल्लं, एकदा चक्क भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला काय सांगू तंगी. लोखंडाच्या पाया पडले मी. आता परत त्या भोकात जायची लाज वाटते."

परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी कपाटावरून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घसरला. अक्का खाली उभ्या होत्या. गठ्ठा पडताना बघून कुठल्याही शिक्षिकेनं जे केलं असतं ते त्यांनी केलं: डावा हात वर टाकला. कापड टरकावं तसा आवाज त्यांना आतून आला म्हणे. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पेपर मोजून घ्या आधी." हात मांडीवर पडला होता. उचलायला गेल्या तर बोटं हलली, हात हलला नाही.

दुसऱ्या वेळी एमआरआयला गेलो तेव्हा अक्कांनी बाहेरच्या बाकावर बसून स्वतः लिंग काढलं आणि रेवणप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. रेवणप्पांनी चपला काढल्या. ती ठाकठाक सुरू असेपर्यंत तो माणूस त्या गजबजलेल्या बोळात भिंतीशी उभा होता. तळहात डोळ्यांसमोर धरलेला, त्यावर बायकोचं लिंग, गळ्यात आपलं. फायली घेऊन माणसं जात-येत होती, वळून बघत होती. त्यांची पापणी हलली नाही. अक्का बाहेर आल्या आणि आधी हात पुढं केला. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, पण लिंग गळ्यात येईपर्यंत त्यांनी पाणी घेतलं नाही.

या वेळी चित्र अगदी स्वच्छ आलं होतं. मलाही कळेल इतकं. डॉक्टरीण बाईंनी पेनानं दाखवलं: दोरी इथं असायला हवी होती, ती तुटून इथपर्यंत मागं गेलीय, आणि ज्या स्नायूनं तिला ओढायचं त्याची चरबी झालीय. फाटायला सुरुवात फार आधी झाली होती. हाड औषधांनी इतकं भुसभुशीत झालं होतं की कृत्रिम सांधा बसवण्यातही अर्थ नव्हता.

अक्कांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "त्या दिवशी चित्र नीट आलं असतं तर?"

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "टाका घालून बघितला असता. टिकला असता, असं मी म्हणू शकत नाही."

"म्हंजे टिकला नसता असंबी म्हणत न्हाई तुमी."

"नाही म्हणत."

अक्कांनी मान हलवली. एखाद्या मुलानं पायऱ्या गाळून बरोबर उत्तर लिहिलं की त्या अशी मान हलवायच्या.

त्या खांद्याची एक गोष्ट क्रूर होती. त्यांचा हात त्यांच्यानं वर जात नसे, पण दुसऱ्या कुणी उचलला तर अगदी सहज जायचा. सोडला की खाली. रोज सकाळी रेवणप्पा मागं बसून कोपराखाली हात द्यायचे आणि अक्का पूजा करायच्या. काही महिन्यांनी त्यांना ते नको झालं. "तुमचाबी हात भरून येतो. मीच खाली येते की," म्हणाल्या. हात मांडीवर ठेवून त्या मानच खाली वाकवायला लागल्या. "हात वर जात न्हाय तर डोकं खाली न्यायचं. समीकरण तेच, बाजू बदलली." हे मला सांगताना त्या हसल्या होत्या. त्यांचं ते शेवटचं हसू, निदान मी बघितलेलं.

कारण मग मान दुखायला लागली. मान वाकवून, ताठ करून एक्स-रे काढले. डोक्याला तोलून धरणारे वरचे मणके एकमेकांवरून सरकत होते. तिथंही तोच आजार पोचला होता. वाकवायची नाही, झटका द्यायचा नाही, नाहीतर हातपाय जातील, असं सांगून डॉक्टरीण बाईंनी गळ्याला कडक पट्टा बांधला. आता हात वर जात नव्हता आणि मान खाली येत नव्हती. मला त्या दिवशी कुणाला तरी शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, आणि द्यायच्या कुणाला ते कळत नव्हतं.

शाळा त्यांनी सोडली. मी भेटायला जायचे तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसलेल्या असायच्या, भांग डावीकडं कललेला. "फळा कुटपर्यंत लिहिते गं नवीन बाई?" विचारायच्या.

"वरपर्यंत, अक्का."

"राखून ठेवला होता म्हणून," त्या म्हणायच्या आणि खिडकीकडं बघायच्या.

थंडीत छातीत कफ धरला. आजाराला दाबणाऱ्या औषधांनी अंगातली ताकदच दाबून टाकली होती. चारच दिवसांत अक्का गेल्या.

आम्ही शाळेतल्या काही जणी मैंदर्गीला गेलो. लिंगायतांत दहन नसतं. त्यांच्या शेतात चौकोनी खड्डा खणला होता, एका अंगाला आत कोनाडा कोरला होता. अक्कांना मांडी घालून तिथं बसवलं. गळ्याचा पट्टा काढला होता. कपाळावर भस्म, केस विंचरलेले. ते कुणी विंचरले होते हे भांग बघून कळत होतं. डबीतलं लिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर बेलाची पानं. हात मांडीवर होता.

रेवणप्पा खड्ड्यात उतरलेलेच होते. ते अक्कांच्या शेजारी गुडघ्यावर बसले, कोपराखाली आपला हात घातला आणि तो हात वर उचलला. नेहमीसारखा सहज गेला. तळहात डोळ्यांसमोर आला. अक्कांनी दवाखान्यात दाखवला होता, तिथपर्यंत.

वरून विभूती पडायला लागली, मीठ पडलं, मग लोक मऊ माती सोडायला लागले. माती पायांवर आली, मांडीवर आली. रेवणप्पांच्या अंगावरही पडत होती. वरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "रेवणप्पा, सोडा आता. वर या."

"थांबा," रेवणप्पा म्हणाले. "अजून टेकला न्हाय."

माती सावकाश पडत राहिली. रेवणप्पा दुसऱ्या हातानं ती कोपराखाली सारत होते, दाबून बसवत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी आपला हात हळूच, बोटाबोटानं, बाहेर काढून घेतला आणि वाट बघितली.

हात तिथंच राहिला.